घरचं म्हणजे शून्य

रिसोडात मी एकतीस वर्षं पाणी सोडलं. वॉलमन होतो. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खड्ड्यात उतरायचं, लांब चावी घालून फिरवायची, की या गल्लीचं पाणी बंद आणि त्या गल्लीचं सुरू. काम एवढंच. पण एकतीस वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली, की पाणी हरवत नसतं. एखाद्या गल्लीत सोडलं तेवढं पोचत नाही अशी तक्रार आली, की मी त्या गल्लीतून चालत जायचो आणि कोणाच्या मागच्या अंगणात केळ तरारली आहे ते बघायचो. चोर सापडायचा.

माझ्या मुलाच्या मागच्या अंगणात केळ नव्हती. त्याला अंगणच नव्हतं. तो व्हॅनमध्ये राहायचा.

संघदीप तेहतीस वर्षांचा आहे. पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करतो. कंपनीनं सांगितलं, आता घरूनच काम करा. तो म्हणाला, घरूनच करायचं तर भाड्याचं घर कशाला? त्यानं एका शाळेची मोठी पिवळी व्हॅन जुन्या बाजारात घेतली, पांढरी रंगवली आणि रिसोडला आणली. पहिले काही दिवस सकाळी शाळेची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन तिच्यापाशी येऊन उभी राहायची. पांढरा रंग नीट बसला नव्हता.

आतलं सगळं सैफुद्दीननं केलं. सैफुद्दीन वेल्डर, माझा जुना दोस्त. सीटा काढून त्यानं पलंग केला, पलंगाखाली चाळीस लिटरची पाण्याची टाकी बसवली, एक ओटा केला, वर कप्पे केले, टपावर सोलर पॅनल ठोकलं. काम संपल्यावर आत बसून इकडंतिकडं बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "देवमनभाई, काम तो अच्छा हो गया. पर पोराले घरातून काहून काढलं तुमी?"

मी काढलं नव्हतं. तो पर्यावरणासाठी निघाला होता.

त्याचं म्हणणं असं, की घर म्हटलं की सिमेंट आलं, वाळू आली, लोखंड आलं. चार खोल्या बांधल्या की चार खोल्यांत भरायला सामान आलं. माणूस जागा असेल तेवढा पसरतो. व्हॅनमध्ये पसरायला जागाच नाही, म्हणून पृथ्वीवर भार कमी. मला हे पटलं होतं, खोटं कशाला सांगू? आमच्या मागच्या खोलीत बंद पडलेला कूलर सतरा वर्षांपासून उभा आहे, आणि तो काढला तर तिथं काय ठेवायचं हे कोणाला सुचत नाही म्हणून तो तसाच आहे. संघदीपच्या व्हॅनमध्ये एकूण अठ्ठेचाळीस वस्तू होत्या, चमचा धरून. त्यानं यादी केली होती.

व्हॅनच्या मागच्या दारावर त्यानं काळा फळा रंगवला. रोज सकाळी त्यावर खडूनं लिहायचं: पाणी अठरा लिटर, बाहेरची वीज शून्य, कचरा चाळीस ग्रॅम. मग त्याचा फोटो काढून मोबाइलवर टाकायचा. 'हलकं घर' असं त्या पानाचं नाव. एकवीस हजार माणसं रोज तो फळा वाचायची आणि वा वा करायची. मी रोज त्याहून जास्त माणसांना पाणी सोडलं होतं. मला कोणी वा म्हटलं नाही. उशीर झाला की शिव्या मात्र वेळेवर आल्या.

व्हॅन उभी असायची आमच्या घराशेजारच्या बोळात. फोटोत बोळ दिसायचा नाही. फोटोसाठी तो गाडी गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर न्यायचा, आठ किलोमीटर जायला आणि आठ यायला. डिझेल फळ्यावर नव्हतं, कारण डिझेल तो प्रवासात धरायचा आणि फळा घराचा होता.

आता हे वॉलमनच्या नजरेनं बघा. आमच्या नळाला एक हिरवा पाइप लावलेला होता. त्यातून व्हॅनच्या टाकीत अठरा लिटर जायचे, ते फळ्यावर यायचे. आंघोळ मात्र तो आमच्या न्हाणीत करायचा, कारण व्हॅनमध्ये केली की गादी ओली व्हायची. ते पाणी फळ्यावर नाही. जेवायला दोन्ही वेळा आत, कारण व्हॅनमध्ये फोडणी दिली की दोन दिवस उशीला वास. ते पाणी फळ्यावर नाही. त्याचे कपडे पंचफुला, म्हणजे माझी बायको, सोमवारी आणि गुरुवारी धुवायची. फोटोसाठी दिवसाला तीन शर्ट लागायचे, म्हणून कपडे बरेच असायचे. पावसाळ्यात ऊन निघालं नाही की स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर व्हॅनमध्ये जायची. आणि व्हॅनमधल्या छोट्या संडासाची पेटी दर तिसऱ्या दिवशी आमच्या संडासात रिकामी व्हायची. ती मी करायचो. पंचफुला म्हणाली होती, "ते तरी तुमी करा."

एकदा मी त्याला विचारलं, "संघदीप, हे बाकीचं पानी तू कुठी लिहितं?"

"कोनतं बाकीचं?"

"आंघोळीचं, कपड्याचं, भांड्याचं."

त्यानं लॅपटॉप उघडून मला तक्ता दाखवला. फार नेटका तक्ता होता. हॉटेलात जेवला तर हॉटेलचा रकाना, त्यात पाणी किती, गॅस किती. मित्राकडं आंघोळ केली तर मित्राचा रकाना, तीस लिटर. आणि अगदी खाली एक रकाना होता, 'घरचं'. त्याच्यापुढं तारीखवार शून्य. दोन वर्षं शून्य.

"हे शून्य काहून?"

"बाबा, ते घरचंच तर आहे."

त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. तीच मोठी अडचण होती. लबाडी असती तर मी एक ठेवून दिली असती. मित्राच्या नळाचं पाणी त्यानं लिटरनं लिहिलं होतं आणि आईनं तापवून दिलेलं पाणी त्याला पाणीच वाटलं नव्हतं. मला राग आला, पण तो कसा सांगावा ते कळेना, म्हणून मी हिरवा पाइप गुंडाळला आणि थोड्या वेळानं पुन्हा उलगडला.

पंचफुलाला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ द्या नं. घरच्या पोराचं कोनी मोजते काय?"

तिची काळजी वेगळी होती. संघदीपचं लग्न जमत नव्हतं. आमच्यात मुलगी पसंत पडली की मुलीकडचे घर बघायला येतात. खोल्या किती, नळ आहे का, संडास आत की बाहेर, सगळं बघतात, आणि ते बघणं काही चूक नाही, कारण पोरगी तिथं जन्म काढणार असते. आठ स्थळं आली. आठही जण बोळात उभं राहून व्हॅन बघून गेले आणि जाताना "कळवतो" म्हणाले. एकानं फक्त गाडीचा इन्शुरन्स कधी संपतो ते विचारलं. पंचफुलानं विहारात जाणं कमी केलं. वंदना झाली की बायका विचारायच्या, "संघदीपचं जमलं काय?" घरी येऊन ती त्याचे शर्ट जरा जास्तच जोरात आपटायची.

नववं स्थळ वाशीमचं. सरिता खिल्लारे. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत येतं, ते पिण्यालायक आहे की नाही हे ती सांगते. ही पोरगी दोन वर्षांपासून 'हलकं घर'चा फळा वाचत होती. तिच्या वडिलांचा, नरेंद्ररावांचा मला फोन आला. आवाज थोडा थकलेला होता. म्हणाले, "पाहा बाप्पा, आमी तिले तीन मजली घर दाखवलं, दोन मजली दाखवलं. ते म्हनते, मले तेच गाडीवालं घर पाहाचं आहे."

संघदीप तिला वाशीमला एकदा भेटून आला. दुसऱ्या दिवशी तो फळा लिहायला विसरला. दोन वर्षांत पहिल्यांदा विसरला, तेव्हा मी समजलो की पोरगा कामातून गेला. पंचफुलानं त्या दिवशी शर्ट हळू धुतले.

घर बघायचा दिवस जानेवारीतला रविवार ठरला. संघदीप म्हणाला, बोळात नको, तलावाच्या पाळीवर बोलवू. "त्याइले घर पाहाचं आहे नं? मंग फोटोतलंच घर दाखवू." मला तो आदल्या दिवशी बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, पाइपाचं काही काढू नका."

"त्याइनं इचारलं तर?"

"कोन इचारते पाइप?"

मी म्हणालो, "मी माह्या तोंडानं काढनार नाई." असा शब्द मी दिला.

मग भांड्यांवरून वाजलं. अठ्ठेचाळीस वस्तूंत ताटल्या दोन आणि ग्लास दोन. संघदीप म्हणाला, पळसाच्या पत्रावळी आणू, नंतर खत होते. पंचफुला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सोयरे पयल्यांदा उंबऱ्याशी येऊन राह्यले आन् त्याइले पत्रावळीत पोहे? गावपंगत हाय काय?" उंबरा नाही, पायरी आहे, असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. तिनं स्टीलच्या बारा ताटल्या, बारा ग्लास, पोह्याचा गंज, परात, तांब्या, दोन बादल्या काढल्या, घासून लख्ख केल्या आणि गोणीत भरल्या. रविवारी सकाळी मी आणि सैफुद्दीन त्याच्या मालवाहू ऑटोतून ती गोणी आणि पाण्याचे दोन ड्रम तलावावर घेऊन गेलो. ड्रम बाभळीच्या मागं ठेवले. पर्यावरण गाडीत होतं, पाणी बाभळीमागं.

चार जण येणार होते. जीपमधून अकरा उतरले. जय भीम झाला. हातपाय धुवायला पाणी दिलं, आणि पाचवा माणूस पाय धूत असतानाच व्हॅनची टाकी संपली. मी बाभळीमागून बादल्या आणू लागलो. कोणी काही विचारलं नाही. तलावावर पाणी कुठून आलं असं कोण विचारणार?

घर बघायला दीड मिनिट लागलं. वाशीमहून येऊन दीड मिनिटात बाहेर पडणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा बघितलं. नरेंद्रराव पलंगावर बसले, उठले, त्यांचं डोकं कप्प्याला लागलं, तेव्हा ते "मजबूत आहे" म्हणाले. सरिताच्या तीन मावश्यांनी संडास वापरून बघितला. पेटी बारा लिटरची असते. तिसरी मावशी आत गेली तेव्हा मला घाम फुटला होता.

मग सगळे पाळीवर सतरंजी टाकून बसले. पोहे दिले. सरितानं पोहे खाल्ले, पाणी प्यायली आणि ग्लास हातात फिरवला.

"सौ. पंचफुला दे. पडघान," तिनं वाचलं. "काकू, हे तुमचे ग्लास?"

"हो माय." पंचफुला खूश झाली. "संघदीप झाला त्या वर्साचे. दुकानातच मशीननं नाव टाकून घेतलं होतं. नाई तं लग्नाकार्यात जाते नं भांडं इकडचं तिकडं."

सरितानं ताटली उलटी करून बघितली. सौ. पंचफुला. परातीवर सौ. पंचफुला, गंजावर सौ. पंचफुला. मी ज्या बादलीनं पाणी आणत होतो तिच्या कडेवर सौ. पंचफुला. ती हसत नव्हती. प्रयोगशाळेत बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचाव्यात तशी वाचत होती. मग उठून व्हॅनमध्ये गेली आणि ओट्यावरच्या त्या दोन ताटल्या आणि दोन ग्लास घेऊन आली. यादीतले. त्यांच्यावरही तेच नाव होतं. एवढी भांडी आम्ही घासली, मोजली, गोणीत भरली, पण त्यांच्यावर काय लिहिलं आहे हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं. रोजच्या भांड्यावरचं नाव कोण वाचतो?

"तुमचा तक्ता पाहता येईन काय?" तिनं संघदीपला विचारलं.

त्यानं आनंदानं लॅपटॉप आणला. तक्ता त्याचा हुकमाचा पत्ता होता. तिनं घर बघितलं त्याच्या दसपट वेळ तक्ता बघितला. मग तिचं बोट खाली एका जागी थांबलं.

"घरचं म्हंजे?"

"आईकडचं."

"इथं शून्य आहे."

"हो. ते घरचंच आहे नं."

तेच तोंड, तोच निष्पापपणा. मला त्याची कीव आली आणि चीडही आली. सरिता माझ्याकडं वळली.

"काका, तुमी पानी सोडत होते नं?"

"एकतीस वर्सं."

"मंग तुमाले माहीत असन. अठरा खरं आहे काय?"

संघदीपनं माझ्याकडं बघितलं. पंचफुलाच्या हातात परात होती. तिनं मान अगदी थोडी हलवली, नका म्हणून. आठ नकार तिनं त्या एका मान हलवण्यात मला दाखवले. मी शब्द दिला होता की विषय माझ्या तोंडानं काढणार नाही. पण तो मी काढला नव्हता. आणि समोर बसलेली पोरगी लोकांना विहिरीचं पाणी प्यायचं की नाही हे सांगणारी होती. तिला मी खोटं पाणी कसं पाजू?

"टाकीत जाते ते अठरा खरं आहे," मी म्हणालो.

"आन् बाकी?"

"सगळं धरून रोजचं दीडशेच्या वर. आमच्या गल्लीत मानशी सत्तर-ऐंशी येते."

मावश्यांपैकी एकीनं पोह्यांचा घास तसाच ठेवला.

"कपडे कोन धुते?"

"त्याची माय."

सरितानं लॅपटॉप मिटला नाही. संघदीपकडं सरकवला आणि साध्या आवाजात विचारलं, "मंग लग्न झाल्यावर मी कोनत्या रकान्यात?"

संघदीपनं तक्त्याकडं बघितलं. खरंच बघितलं, वरून खालपर्यंत. नरेंद्रराव उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "कळवतो."

परत येताना सैफुद्दीननं रिकामे ड्रम एकट्यानंच ऑटोत चढवले. पंचफुलानं घरी येऊन बाराही ताटल्या पुन्हा घासल्या. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "तुमाले लयच खऱ्याची हौस. पोराचं घर बसू द्याचं होतं, मंग सांगाचं होतं." खरं बोलल्यावर माणसाला समाधान वाटतं असं म्हणतात. मला ते काही वाटलं नाही. वाईट वाटलं.

फळा पाच दिवस कोरा होता. एकवीस हजार माणसं विचारत होती, बरे आहात ना? सहाव्या दिवशी सकाळी संघदीप दारात आला. दाढी वाढलेली, शर्ट मळका. गुरुवारचे कपडे त्यानं आईला दिले नव्हते.

"बाबा, पान्याचं मीटर आहे काय तुमच्याजवळ?"

होतं. कूलरच्या मागं एक जुनं मीटर पडलेलं होतं. म्हणजे त्या कूलरचा सतरा वर्षांत काहीतरी उपयोग झाला. मी बोळात वेगळी तोटी काढली, तिला मीटर बसवलं, आणि संघदीपनं नियम केला: त्याचं सगळं पाणी त्याच तोटीचं. आंघोळ बोळात, पडदा लावून. कपडे बोळात. भांडी बोळात. संडासाची पेटी त्याची तो रिकामी करणार, आणि ती धुवायला लागणारं पाणीही त्याच तोटीचं. आईनं हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी मीटरनं दोनशे दहा दाखवलं. एका शर्टाचा साबण निघेना म्हणून चार वेळा खळबळला होता. पंचफुला खिडकीत उभी होती. हात लावायचा नाही, पण तोंडावर बंदी नव्हती. "अबे, कॉलर घास, कॉलर! पाठ कायले घासून राह्यला?"

त्या दिवशी फळ्यावर त्यानं लिहिलं: 'पाणी दोनशे दहा. वीज तीन युनिट, घरची. डिझेल: फोटोसाठी दोन वर्षांत जाळलं ते, खूप. कपडे, भांडी, स्वयंपाक: आई, पंचफुला पडघान, दोन वर्षं, रोज तीन तास. इतके दिवस इथं शून्य लिहिलं. चूक माझी.' फोटो त्यानं बोळातच काढला. मागं आमची भिंत आणि वाळत घातलेला एक पायजमा दिसत होता.

महिन्याभरात एकवीस हजारांचे तेरा हजार राहिले. एकानं लिहिलं की याला सिमेंट कंपनीनं विकत घेतलं. पंचफुलाला मी फळा वाचून दाखवला नाही, तिचा तिनं वाचला. पदरानं हात पुसत उभी राहिली. "माह्यं नाव आजवर भांड्यावरच होतं," म्हणाली, आणि आत गेली.

आकडा हळूहळू उतरला. स्वतः पिळायला लागले की तीन शर्टांचा एक शर्ट होतो, हे कोणत्याही पुस्तकात नसेल, पण होतो. तलावावर जाणं बंद झालं, डिझेलची टाकी महिनाभर पुरू लागली. आंघोळीचं पाणी बोळातून रस्त्यावर जायचं, ते मी एका कोपऱ्यात वळवलं आणि तिथं केळ लावली. एकतीस वर्षं केळी बघून चोर पकडले, आता स्वतः लावली. मार्चपर्यंत रोजचं पाणी चौसष्टवर आलं. व्हॅनमध्ये राहून भार कमी होतो हे पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त तो भार आधी आमच्या न्हाणीत ठेवलेला होता.

खिल्लाऱ्यांकडून काही कळलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मग मार्चमधल्या एका रविवारी मोटरसायकलवर नरेंद्रराव आणि मागं सरिता, दोघंच, न सांगता बोळात आले. संघदीप बादलीपाशी उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत फेस. तो उठू लागला तर सरिता म्हणाली, "होऊ द्या." आणि तो कपडे धूत असताना उभी राहून बघत राहिली. मुलीकडचे घर बघायला आलेले मी पुष्कळ बघितले, पण असं घर बघणं पहिल्यांदा बघितलं.

मग ती वाकली आणि मीटर स्वतः वाचलं. मी कालचा आकडा सांगितला. तिनं मनात वजाबाकी केली.

"चौसष्ट?"

"चौसष्ट," मी म्हणालो. "परवा एकोनसत्तर होतं. सैफुद्दीन जेवायले होता, त्याचं ताट यानं घासलं."

"चालते," सरिता म्हणाली.

नरेंद्रराव अजून हेल्मेट काढत होते. "काय चालते?"

"चौसष्ट चालते मले."

संघदीपच्या हातातला शर्ट बादलीत पडला. दारात आलेली पंचफुला तिथंच घराच्या ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, आणि मी मीटरच्या काचेवरची धूळ पुसत राहिलो, कारण माझेही डोळे भरले होते आणि दुसरं करायला काही नव्हतं. पुढचं उभ्या उभ्याच ठरलं. सरिताची वाशीमला दोन खोल्यांची जागा आहे. व्हॅन तिच्या दाराशी लागणार. नळ तिचा, मीटर संघदीपचं, आणि तक्त्यातला 'घरचं' हा रकाना ती स्वतः भरणार.

चहा झाला. संघदीपनंच केला. नरेंद्रराव माझं कौतुक करू लागले. म्हणाले, देवमनराव, त्या दिवशी तुमी खरं बोलले म्हनून हे झालं, नाई तं आमी फसलो असतो. मी मान डोलावत होतो. बरं वाटत होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी वा म्हणत होतं.

तेवढ्यात पंचफुला म्हणाली, "संघदीपचे बाबा, त्याचं मीटर झालं. तुमचं कवा बसवता?"

सगळे हसले. मीही हसलो. मग बघितलं तर ती हसत नव्हती. ती माझ्या शर्टाकडं बघत होती.

खड्ड्यात उतरायचो तेव्हा माझा खाकी शर्ट छातीपर्यंत चिखलानं भरायचा. एकतीस वर्षं रोज. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुंटीला स्वच्छ असायचा, आणि तो खुंटीवर कसा येतो असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पोरानं दोन वर्षांचं शून्य लिहिलं तर मला चीड आली होती. मी तर लिहिलंही नव्हतं. पाणी कुठं जातं ते बघायला मी लोकांच्या मागच्या अंगणात गेलो, आणि माझ्या मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पंचफुला उठायच्या आधी मी माझे कपडे घेऊन मागं गेलो. साबण कुठं असतो ते माहीत नव्हतं. तिला विचारलं नाही, शोधला. न्हाणीच्या खिडकीत होता, रोज माझ्या डोळ्यासमोर. मागं मीटर नाही, म्हणून बादल्या मोजल्या. एका शर्टाला पाच लागल्या. पाचवी ओतत होतो तेव्हा वरच्या खिडकीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"कॉलर घासा," पंचफुला म्हणाली. "कॉलर."